चंद्राच्या सावलीत उभी असलेली माणसं का ओरडतात?

खग्रास सूर्यग्रहणाचा एखादा व्हिडिओ लावा आणि डोळे मिटून फक्त आवाज ऐका. सुरुवातीला गप्पा चाललेल्या असतात, कुणी हसतंय, कुणी घड्याळात बघून वेळ सांगतंय. हळूहळू गप्पा विरळ होतात. दोन-चार क्षण कुणीच काही बोलत नाही. आणि मग एकदम, कुणीतरी खूण केल्यासारखा, शेकडो गळ्यांतून एकच आवाज उठतो. त्यात शब्द नसतात. नुसता ‘आ’, नुसता ‘ओ’, मध्येच टाळ्या, शिट्ट्या, आणि नीट कान दिला तर एखादा हुंदकासुद्धा. देश बदला, भाषा बदला, आवाज जवळपास तोच राहतो.

मला या आवाजाचं फार कुतूहल आहे. कारण त्या गर्दीतल्या कुणालाच धक्का बसायचं कारण नव्हतं. सूर्य झाकला जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी हेही. त्यासाठीच तर सगळे तिथे जमले होते. तरी ती माणसं ओरडली, काही जण रडली, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाचा हात त्यांनी घट्ट धरला. असं का व्हावं? याचं उत्तर अर्धं आभाळात आहे आणि अर्धं माणसात.

आभाळातला अर्धा भाग

सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, चंद्राचा ३,४७४. म्हणजे सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा. पण तो आपल्यापासून चंद्रापेक्षा साधारण तितक्याच पटीने दूर आहे. त्यामुळे दोघांच्या चकत्या आपल्याला जवळजवळ सारख्या दिसतात, अर्ध्या अंशाच्या. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्या नखामागे दोघंही मावतील, इतक्या लहान. हा निव्वळ योगायोग आहे, पण सगळा खेळ त्याच्यावरच उभा आहे. चंद्र थोडा लहान असता तर सूर्य कधीच पुरता झाकला गेला नसता.

चंद्राची कक्षा अगदी गोल नाही. तो कधी साडेतीन लाख किलोमीटरच्या जरा पुढे असतो, तर कधी चार लाखांच्याही पलीकडे जातो. लांब असताना तो सूर्यापुढे आला तर त्याची चकती कमी पडते आणि कडेने तेजाचं कडं उरतं. ते कंकणाकृती ग्रहण. शिवाय त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. म्हणून बहुतेक अमावास्यांना तो सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. वर्षाला कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ५ सूर्यग्रहणं होतात, आणि त्यातली सगळी खग्रास नसतात.

खग्रास दिसतं ते फक्त चंद्राच्या गडद सावलीतून. ही सावली जमिनीवर टेकते तेव्हा तिचा पट्टा बहुतेक वेळा शंभर-दोनशे किलोमीटर रुंद असतो. एकच जागा धरून बसलं तर तिथे दोन खग्रास ग्रहणांमध्ये सरासरी पावणेचारशे वर्षं जातात. त्यातही ही सावली थांबायला तयार नसते. विषुववृत्ताजवळसुद्धा ती ताशी दीड हजार किलोमीटरहून जास्त वेगाने धावते, इतरत्र त्याच्या कितीतरी पट. एका जागी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला फार फार तर साडेसात मिनिटं येतात, आणि बहुतेकांना दोन-चारच. १९७३ साली काही शास्त्रज्ञ काँकॉर्ड विमानातून आफ्रिकेवरून या सावलीच्या मागे धावले. आवाजाच्या दुप्पट वेगाने उडून त्यांनी ७४ मिनिटं खग्रास स्थितीत काढली. जमिनीवरच्या माणसाला तशी सोय नाही.

नव्व्याण्णव आणि शंभर

आता खरा मुद्दा. ‘आमच्याकडे ९९ टक्के दिसलं, म्हणजे जवळजवळ खग्रासच’ असं लोक समाधानाने सांगतात. ते ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यांचं काय हुकलं हे त्यांना कळलेलंच नसतं.

आपले डोळे उजेड मोजत नाहीत, ते उजेडाला सरावतात. भर उन्हातून घरात आलो की उजेड शंभरपटींहून जास्त कमी झालेला असतो, पण आपण ठेचकाळत नाही. बाहुली मोठी होते, पडदा जास्त संवेदनशील होतो आणि सगळं पूर्वीसारखंच वाटू लागतं. ग्रहणातही तेच घडतं. चंद्राचा सूर्याला स्पर्श झाल्यापासून पुढचा तासभर उजेड इतक्या हळू उतरतो की डोळे त्याच्याबरोबर खाली उतरत राहतात. सूर्य अर्धा झाकला गेला तरी रस्त्यावरच्या माणसाला पत्ता नसतो. ९९ टक्के झाकला गेला तरी उरलेल्या १ टक्क्याचा उजेड लख्ख दिवे लावलेल्या खोलीपेक्षा कमी भरत नाही.

आणि मग तो शेवटचा १ टक्का मिनिटभराच्या आत संपतो. सूर्याभोवतीचं जे पांढरं तेजोवलय, म्हणजे प्रभाकिरीट, त्या वेळी दिसू लागतं, त्याचा एकूण उजेड सूर्याच्या सुमारे दहा लाखावा भाग असतो, साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतका. त्यामुळे ९९ आणि १०० यांच्यात एका टक्क्याचा फरक नाही, सुमारे १०,००० पटींचा आहे. तासभर जिना हळूहळू उतरत असताना शेवटच्या पायरीनंतर एकदम विहीर लागावी, तसं.

ओरडण्याचं पहिलं कारण हे आहे. डोक्याला सगळं माहीत होतं, शरीराला काहीच माहीत नव्हतं.

आणि हे एकट्या माणसाचं नाही. २१ ऑगस्ट २०१७ च्या ग्रहणात अमेरिकेत सावलीच्या पट्ट्यातल्या फुलझाडांजवळ बारीक मायक्रोफोन टांगून मधमाश्यांची गुणगुण टिपली होती. शास्त्रज्ञांच्या बरोबरीने शाळकरी मुलं आणि त्यांचे शिक्षक या कामात होते. खंडग्रास स्थितीत माश्या उडतच राहिल्या. सूर्य कोरीएवढा उरला तरी गुणगुण चालूच होती. तो पुरता झाकला गेल्याबरोबर सगळं थांबलं. खग्रास काळात सगळ्या मायक्रोफोनांवर मिळून एकाच माशीची गुणगुण नोंदली गेली. मधमाशीला ९९ टक्के म्हणजे दिवसच, आणि १०० टक्के म्हणजे रात्र.

शेवटची दहा मिनिटं

या मिनिटांकडे जरा जवळून पाहू. स्वयंपाकघरातली साधी चाळणी घ्या आणि उन्हात पांढऱ्या कागदावर हातभर उंच धरा. एरवी खाली उजेडाचे गोल ठिपके पडतात. ते भोकांचे आकार आहेत असं आपण समजतो, पण प्रत्यक्षात त्या सूर्याच्या छोट्या छोट्या प्रतिमा असतात. ग्रहण लागलं की हे खरं रूप बाहेर येतं: कागदावर एकाच वेळी शंभर-दीडशे चंद्रकोरी उमटतात, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. झाडाखाली पानांच्या फटींमधून पडणारे कवडसेही कोरी होतात. चाळणी धरलेल्या मुलाभोवती बघता बघता पाच-सहा डोकी गोळा होतात. त्यातली निम्मी त्याला ओळखतही नसतात. त्या दिवशीची पहिली ओळख बहुधा अशीच होते.

कोर बारीक होत जाते तसा उजेडाचा पोत बदलतो. संध्याकाळचा उजेड तांबूस असतो, हा तसा नसतो. हा करडा, धातूच्या पत्र्यासारखा. सूर्य अजून उंचावर आहे, सावल्या दुपारच्याच आहेत, पण त्यांची एका बाजूची कड इतकी रेखीव झालेली असते की हाताच्या सावलीत केस मोजावेत. हवा गार होते. पक्ष्यांची झाडावर परतण्याची गडबड सुरू होते. उंच आणि मोकळी जागा असेल तर क्षितिजावरून काळसर पडदा आपल्या दिशेने येताना दिसतो. तीच ती सावली.

मग शेवटचे काही सेकंद. चंद्राची कड सपाट नाही, तिथे डोंगर आहेत, दऱ्या आहेत. दऱ्यांमधून सूर्याचे शेवटचे थेंब चमकतात. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ फ्रान्सिस बेली यांनी १८३६ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना बेलीचे मणी म्हणतात. मणी विझत विझत एकच उरतो, आणि त्याच्या मागे वलय उमटू लागलेलं असतं. ही हिऱ्याची अंगठी. ती विझते, आणि जिथे सूर्य होता तिथे आभाळाला काळंकुट्ट भोक पडलेलं असतं. भोवती पांढरे रेशमी धागे, कडेला कुठे कुठे गुलाबी ज्वाळा, बाजूला शुक्र, आणि चहूबाजूंच्या क्षितिजावर एकाच वेळी सूर्यास्ताचा रंग.

आवाज उठतो तो इथे.

माणसातला अर्धा भाग

या भावनेला मराठीत चांगले शब्द आहेत: थक्क होणं, भारावणं, अवाक होणं. त्यातही ‘अवाक’ मला सगळ्यांत नेमका वाटतो, कारण तो आवाज खरोखरच बिनशब्दांचा असतो. मानसशास्त्रात डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट यांनी २००३ मध्ये या भावनेची दोन लक्षणं मांडली. एक, समोरचं काहीतरी आपल्यापेक्षा प्रचंड मोठं असतं. दोन, ते आपल्या नेहमीच्या समजुतींमध्ये बसत नाही आणि मनाला आपली चौकट वाढवावी लागते. ग्रहण दोन्हींत बसतं. आकाशातले गोल फिरतात हे आपण शाळेत शिकलेलो असतो. ते फिरताना दिसणं वेगळं. सूर्य, चंद्र आणि आपण एका रेषेत असल्याचं त्या क्षणी पोटात जाणवतं.

भारावलेलं मन स्वतःला लहान समजू लागतं, आणि हे लहान होणं सुखाचं असतं. २०१७ च्या त्याच ग्रहणावेळी संशोधकांनी ट्विटरवरच्या २८ लाखांहून जास्त लोकांचं लिखाण तपासलं. सावलीच्या पट्ट्यातल्या लोकांच्या लिखाणात, पट्ट्याबाहेरच्यांच्या तुलनेत, विस्मयाची भाषा जास्त होती. त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांच्या लिखाणात विस्मय जास्त, त्यांच्या लिखाणात ‘मी’ कमी आणि ‘आपण’ जास्त. नम्रतेचे आणि दुसऱ्याच्या काळजीचे शब्दही वाढलेले. कुणी त्यांना तसं लिहायला सांगितलं नव्हतं.

आता शेजारच्या माणसाचं काय? २०१४ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. लोकांना चॉकलेट चाखायला दिलं. शेजारी बसलेली व्यक्ती त्याच वेळी तेच चॉकलेट खात असेल, तर ते जास्त आवडत होतं. ती व्यक्ती दुसरंच काही करत असेल, तर तेवढं नाही. दोघांनी एकमेकांशी एक शब्दही बोलायचा नव्हता. बेचव चॉकलेट दिलं तेव्हा तेही जास्तच बेचव लागलं. एकत्र अनुभवलं की चव गडद होते, मग ती कशीही असो. एका क्षणाला हजारो माणसांची नजर आभाळातल्या एकाच अर्ध्या अंशावर खिळलेली असते, तेव्हा काय होत असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो.

दुसरा प्रयोग स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या गावातला. तिथे निखाऱ्यांवरून चालण्याचा जुना सोहळा असतो. संशोधकांनी चालणाऱ्यांच्या आणि बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले. चालणारा आणि त्याचे नातेवाईक यांच्या ठोक्यांची चढउतार जुळत होती. नुसतेच बघायला आलेल्या परक्यांची जुळत नव्हती. मला यात ग्रहणाचं वेगळेपण दिसतं. निखाऱ्यांवर एक जण चालतो आणि बाकीचे बघतात. मैदानावर काही जण खेळतात, आणि अर्धे प्रेक्षक जिंकतात तेव्हा अर्धे हरतात. ग्रहणात असा भेदच नाही. सावली सगळ्यांवरून जाते. तिथे हरणारं कुणी नसतं आणि परकंही कुणी नसतं. शिवाय ते कुणाच्या हुकुमाने चालत नाही, कितीही पैसे मोजले तरी लांबत नाही, आणि पुन्हा दाखवा म्हणायची सोय नाही. समूहाला असं भरतं येतं तेव्हा नेमकं काय होतं, यावर समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी शंभर वर्षांपूर्वी बराच विचार केला होता. पण त्यांच्यासमोर माणसांनी जमवलेले सोहळे होते. हा सोहळा जमवायला आभाळ पुरतं.

८ एप्रिल २०२४ च्या ग्रहणाची एक नोंद तर फार देखणी आहे. भूकंपमापक यंत्रं जमिनीची थरथर टिपतात, आणि शहरांमध्ये त्यातली बरीचशी माणसांच्या रहदारीची, यंत्रांची असते. खग्रास पट्ट्यातल्या शहरांमध्ये सूर्य पुरता झाकला गेला त्या मिनिटांत ही थरथर कमी झाली आणि नंतर पुन्हा वाढली. सूर्य ९७ टक्के झाकला गेला पण पुरता नाही, अशा शहरांमध्ये असा फरक दिसला नाही. माणसं जागच्या जागी थांबली होती, आणि ते जमिनीला कळलं.

ढग, फोटो आणि डोळे

ढग आले तर? २२ जुलै २००९ चं ग्रहण या शतकातलं सगळ्यांत लांब, कमाल ६ मिनिटं ३९ सेकंदांचं. पण आशियातल्या कितीतरी ठिकाणी आभाळ भरून आलं, शांघायमध्ये तर पाऊस पडला. वलय दिसलं नाही. अंधार मात्र ठरल्या सेकंदाला आला, कारण ढग सूर्य लपवू शकतात, चंद्राची सावली नाही. हळहळ होतेच, पण ढगाखाली उभं राहणंही वाया जात नाही असं माझं मत आहे.

फोटोबद्दल मात्र मी हट्टी आहे. पहिल्या खग्रास ग्रहणात कॅमेऱ्याला हात लावू नका. २९ मे १९१९ रोजी ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावर होते. सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइन म्हणतात तसा वाकतो का, हे तपासायला. पाच मिनिटांत १६ फोटो घेण्यासाठी कॅमेऱ्यातल्या फोटोच्या काचा बदलता बदलता त्यांनी वर पाहिलं ते जेमतेम दोनदा: एकदा ग्रहण लागलं ना हे बघायला, एकदा ढग किती आहेत हे बघायला. त्यांच्याकडे कारण होतं. आपल्याकडे नाही.

आणि डोळे. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजला तरी त्या क्षणी काहीच जाणवत नाही, काही तासांनी नजरेच्या मध्यभागी डाग दिसू लागतो, आणि तो कायमचा राहू शकतो. खंडग्रास स्थितीत बारीक कोरही तितकीच घातक असते. उलट उजेड कमी झाल्यामुळे बघवतं, म्हणून धोका जास्त. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, पाण्यातलं प्रतिबिंब, यातलं काहीही चालत नाही. आयएसओ १२३१२-२ या मानकाचा, ओरखडा न पडलेला ग्रहणचष्मा हवा, आणि तो लावून दुर्बिणीतून कधीही पाहायचं नाही, कारण दुर्बीण ऊन एकवटते आणि चष्मा जाळते. नुसत्या डोळ्यांनी पाहायचं ते फक्त सूर्य पुरता झाकला गेल्यावर, आणि कडेला पहिला ठिपका चमकताच चष्मा परत. भारावलेल्या माणसाला हे आठवत नाही. म्हणून घोळक्यातल्या एकाने घड्याळ सांभाळायचं आणि वेळेवर ओरडून सांगायचं. सोबतीचा हाही एक उपयोग आहे.

कुणालाच सगळं दिसत नाही

१७१५ मध्ये इंग्लंडवरून खग्रास ग्रहणाची सावली जाणार होती. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी आधीच तिच्या मार्गाचा नकाशा छापून वाटला आणि लोकांना विनंती केली की आपापल्या गावी अंधार किती वेळ टिकला ते मोजून कळवा. देशभरातून नोंदी आल्या. त्यांचा अंदाज सुमारे ४ मिनिटांनी चुकला होता, आणि सावलीच्या कडा नेमक्या कुठून गेल्या हे त्या नोंदींवरून कळलं. एकटे हॅली हे करू शकले नसते, कारण एक माणूस एकाच जागी उभा राहू शकतो.

हे आजही तितकंच खरं आहे. अडीच मिनिटांत काय काय बघणार? वलय बघत राहिलात तर क्षितिज राहतं, क्षितिज बघितलंत तर गुरू-शुक्र राहतात, आणि माणसांचे चेहरे बघायचं तर बहुतेकांना सुचतही नाही. म्हणून दुसरी हिऱ्याची अंगठी चमकून उजेड परतला की लगेच बोलणं सुरू होतं. ‘ती गुलाबी ज्वाळा दिसली का, खालच्या बाजूला?’ ‘छे, मी तर मागे वळून पाहत होते, सगळीकडे पहाट झाल्यासारखं.’ ‘कुत्रा एकदम गप्प झाला होता.’ प्रत्येकाकडे एकेक तुकडा असतो, आणि मिळून एक ग्रहण होतं. कुणीतरी तेवढ्यात पुढच्या तारखा काढतं: १२ ऑगस्ट २०२६, ग्रीनलंड, आइसलंड, स्पेन, २ ऑगस्ट २०२७, दक्षिण स्पेनपासून उत्तर आफ्रिकेवरून, इजिप्तमध्ये लक्सरजवळ ६ मिनिटांहून जास्त.

खरं तर ग्रहण अजून सुटलेलं नसतं. मोक्षाला तासाभराहून जास्त वेळ असतो, पण वर कुणी फारसं बघत नाही. चाळणीवालं मूल तेवढं कागदापाशी बसून असतं. त्याच्या कोरींनी आता तोंडं दुसऱ्या बाजूला फिरवलेली असतात.